ओट्यामागची भिंत आणि विटांची सांधेमोड

कवठे महांकाळ हे सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे गाव. हा भाग कमी पावसाचा. तालुक्यातून अग्रणी नदी वाहते, पण पावसाळा सरला की कोरडी पडणारी नदी हीच तिची पुष्कळ वर्षे ओळख होती. पुढे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या तालुक्यात आणले. या पट्ट्यातील जुनी घरे दगडमातीची असत. स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत धुराने काळी होई आणि पोतेऱ्याने सारवून ती पुन्हा स्वच्छ केली जाई.

आता घरोघरी गॅसची शेगडी आणि उंच ओटा आला आहे. फोडणीचे तेल, हळदीचे शिंतोडे, कुकरची वाफ आणि मोरीचे पाणी यांपासून भिंत वाचवायची म्हणून ओट्यामागे चकचकीत टाइल्स बसवतात. पूर्वी तेथे पांढऱ्या चौकोनी टाइल्स एकाखाली एक अशा सरळ रांगेत लावलेल्या दिसत. आता पुष्कळ ठिकाणी लांबट टाइल्स विटांसारख्या लावलेल्या दिसतात. म्हणजे वरच्या थरातील टाइल खालच्या थरातील दोन टाइल्सच्या सांध्यावर बरोबर मध्यभागी येते.

वीट अशी का रचतात हे विचारले, तर कोणीही ‘मजबुतीसाठी’ असे उत्तर देईल. मग टाइलसुद्धा मजबुतीसाठीच अशी लावतात काय? विद्यार्थीमित्रांनो, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन या तिन्ही विषयांतून फेरफटका मारावा लागणार आहे.

वीट सांध्यावर का ठेवतात?

प्रथम खऱ्या विटेकडे पाहू. काड्यापेट्यांच्या दहा-बारा रिकाम्या पेट्या घ्या आणि त्यांची एक छोटी भिंत करा. पहिल्या वेळी पेट्या एकावर एक सरळ रचा. आता भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभे असलेले सुटे खांब झाले. एका खांबाला बोटाने ढकला. तो एकटाच कलंडेल, शेजारचा खांब त्याला मदत करणार नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक पेटी खालच्या दोन पेट्यांवर अर्धी अर्धी ठेवा. आता एक पेटी ढकलली तर तिच्याबरोबर शेजारच्याही हलू लागतात. भिंत एकसंध वागते. उभे सांधे असे एकावर एक येऊ न देण्याला गवंडी सांधेमोड म्हणतात.

सांधेमोडीमुळे भार कसा वाटला जातो तेही पाहू. समजा, सर्वांत वरच्या विटेवर १६ किलोग्रॅम भार ठेवला आहे. विटांचे स्वतःचे वजन क्षणभर विसरू. ही वीट खालच्या दोन विटांवर टेकलेली आहे, म्हणून प्रत्येकीवर ८ किलो भार येईल. त्या दोन विटा खालच्या तिघींवर टेकतात. कडेच्या दोघींना ४-४ किलो मिळतील, पण मधल्या विटेला दोन्हीकडून मिळून ८ किलो. असेच खाली जात राहिलो तर पुढीलप्रमाणे आकडे येतात :

पहिला थर : १६
दुसरा थर : ८, ८
तिसरा थर : ४, ८, ४
चौथा थर : २, ६, ६, २
पाचवा थर : १, ४, ६, ४, १

पाचव्या थरातील १, ४, ६, ४, १ हे आकडे ओळखीचे वाटतात ना? (अ + ब) या पदावलीचा चौथा घात केला की हेच सहगुणक येतात. युरोपात हा त्रिकोण १७ व्या शतकातील पास्कल या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने १० व्या शतकातच त्याचे स्पष्टीकरण केले होते. त्याला मेरुप्रस्तार म्हणतात. कवितेतील लघु-गुरू अक्षरांचा हिशेब आणि भिंतीतील भाराचा हिशेब एकाच त्रिकोणात सापडावा, ही गणिताची मौज आहे.

सरळ रचलेल्या भिंतीत पाचव्या थरातील एकाच विटेवर पूर्ण १६ किलो आले असते. सांधेमोड केल्यावर सर्वांत जास्त भार ६ किलो झाला. खऱ्या भिंतीत विटांमध्ये मसाला असतो, त्यामुळे नेमके हेच आकडे येत नाहीत. पण भार खाली जाताना पसरतो ही गोष्ट खरी.

हे ज्ञान फार जुने आहे. सिंधू संस्कृतीतील भाजलेल्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण सामान्यतः १ : २ : ४ असे आढळते. लांबी रुंदीच्या दुप्पट असली की दोन आडव्या विटा शेजारी ठेवून त्यांवर एक उभी वीट नेमकी बसते आणि कोपऱ्यातही सांधेमोड साधता येते.

भिंतीच्या पोटातील सांधेमोड

सांधेमोड केवळ भिंतीच्या दर्शनी बाजूवर असून भागत नाही. ती भिंतीच्या जाडीतही असावी लागते. नऊ इंची वीटभिंतीत काही विटा भिंतीच्या लांबीला समांतर, तर काही आडव्या, म्हणजे जाडीत आरपार जाणाऱ्या ठेवतात. या आडव्या विटा भिंतीची पुढची आणि मागची बाजू एकमेकींना बांधून ठेवतात.

ही बांधणी नसली तर काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे त्यात मृत्यू पावली. त्या गावांतील पुष्कळ घरांच्या भिंती चांगल्या जाड होत्या आणि बाहेरून भक्कम दिसत होत्या. पण त्या मातीत रचलेल्या होत्या. बाहेरचा दगडी थर आणि आतला दगडी थर यांच्यामध्ये माती व बारीक दगड भरलेले असत आणि दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड बहुधा नसत. जमीन हादरताच दोन्ही थर वेगळे होऊन फुगले आणि ढासळले. वरचे मातीचे जड छप्पर खाली आले. पुढे जुनी घरे भूकंपाला टिकावीत म्हणून जे उपाय सुचवले गेले, त्यांत भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दुवे घालणे हा एक महत्त्वाचा उपाय होता.

सांगली जिल्ह्यालाही हा विषय परका नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला होता. तेव्हा वीट असो की दगड, सांधेमोड हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. भिंतीची खरी ताकद तिच्या तोंडावर दिसत नाही, ती तिच्या पोटात असते. हे वाक्य मनात ठेवून आता ओट्याकडे परत येऊ.

टाइलवर भार कोठे असतो?

आपण हिशेबासाठी २०० मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर जाड अशी एक टाइल घेऊ. हिचे घनफळ १४० घन सेंटिमीटर. भाजलेल्या मातीची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट धरली तर तिचे वजन सुमारे २८० ग्रॅम भरते. टाइल्सवर छताचा भार नसतो. त्यांच्यामागे भिंत आधीच उभी आहे. बसवून पक्की झालेली प्रत्येक टाइल आपल्या पाठीवरील लेपाच्या आधाराने भिंतीला चिकटलेली असते. लेप सुटला तर शेजारच्या टाइल्स तिला धरून ठेवतील असा भरवसा नाही, मग रचना सरळ असो की विटांची.

म्हणून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे : टाइल्स विटांसारख्या लावल्याने भिंतीची मजबुती वाढत नाही. विटेची रचना टाइलने उचलली, पण त्या रचनेचे कारण तिच्याबरोबर आले नाही. टाइलची मजबुती कशात असते ते पुढे पाहू. आधी या रचनेचे दुसरे फायदे तपासू.

तीन की चार?

चौकटीच्या वहीत दोन आकृत्या काढा. एकीत टाइल्स सरळ रांगेत, दुसरीत विटांसारख्या. आता मधल्या कोणत्याही एका टाइलच्या कडेला किती टाइल्स लागून आहेत ते मोजा. सरळ रचनेत उत्तर ४ येईल : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. विटांच्या रचनेत उत्तर ६ येईल, कारण वर दोन आणि खाली दोन आहेत. सहा शेजारी आणखी कोठे असतात? मधमाश्यांच्या पोळ्यात! पोळ्यातील षटकोन दाबून चपटे केले तर विटांची रचना मिळते. शेजाराच्या दृष्टीने दोन्ही रचना एकच आहेत.

आता सांधे जेथे मिळतात ते बिंदू पाहा. सरळ रचनेत प्रत्येक बिंदूपाशी चार टाइल्सचे कोपरे येतात आणि अधिक चिन्हासारखा आकार होतो. विटांच्या रचनेत प्रत्येक बिंदूपाशी तीनच टाइल्स असतात आणि इंग्रजी टी या अक्षरासारखा आकार होतो.

हा फरक गवंड्याच्या दृष्टीने मोठा आहे. भट्टीतून निघालेल्या सगळ्या टाइल्स अगदी सारख्या मापाच्या नसतात. एखादी अर्ध्या मिलिमीटरने लांब, एखादी तितकीच आखूड असते. सरळ रचनेत खालपासून वरपर्यंत एकच उभी रेषा जाते. एक टाइल किंचित सरकली तर अधिक चिन्हाचा उभा दांडा वाकडा दिसतो. आपला डोळा सरळ रेषेतील असा खंड चटकन पकडतो. विटांच्या रचनेत उभा सांधा एका थरापुरताच असतो. त्याच्या ओळीत येणारा पुढचा सांधा एक थर सोडून, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर वर असतो. मधल्या अंतरामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यांत भरत नाही. या रचनेत चुका झाकल्या जातात त्या अशा.

पांढऱ्या, लांबट टाइल्सची ही रचना जगभर प्रसिद्ध होण्यास न्यू यॉर्कची भुयारी रेल्वे बरीच कारणीभूत झाली. ती २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुशिल्पींनी तिच्या स्थानकांच्या भिंतींवर ३ इंच रुंद आणि ६ इंच लांब अशा पांढऱ्या चकचकीत टाइल्स योजल्या. भुयारात प्रकाश परावर्तित व्हावा आणि भिंती धुता याव्यात, हे दोन्ही हेतू त्यांनी साधले. ओट्यामागेही आपल्याला हेच दोन गुण हवे असतात.

मात्र विटांच्या रचनेचा एक तोटाही आहे. लांब टाइल भाजताना किंचित कमानीसारखी वाकते. मध्यभाग थोडा वर, टोके थोडी खाली. विटांच्या रचनेत एका टाइलचे खाली गेलेले टोक दुसरीच्या वर आलेल्या मध्यभागाशेजारी येते. त्यामुळे तेथे बोटाला जाणवणारी पायरी तयार होते. म्हणून १५ इंचांहून लांब टाइल अर्धी न सरकवता एक तृतीयांशच सरकवावी, असे अमेरिकी मानकात म्हटले आहे. त्याने पायरी थोडी कमी होते, नाहीशी होत नाही. आपल्या २०० मिलिमीटरच्या टाइलला हा त्रास सहसा होत नाही.

आडवे म्हणजे आडवे, उभे म्हणजे उभे

टाइल्स लावण्यापूर्वी भिंतीवर दोन रेषा आखतात : एक आडवी आणि एक उभी. ओट्याच्या कडेवरून आडवी रेषा काढणे धोक्याचे असते. ओट्याला मोरीकडे पाणी जावे म्हणून मुद्दाम थोडा उतार दिलेला असू शकतो.

आडवी रेषा काढण्यासाठी गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळीची दोन टोके भिंतीच्या दोन कडांना धरली की दोन्हीकडील पाण्याची पातळी सारखी होते, मग नळी मध्ये कितीही वाकडीतिकडी पडलेली असो. जोडलेल्या भांड्यांतील द्रवाची पातळी समान असते, हा शाळेतला नियम येथे उपयोगी पडतो. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. म्हणून अनुभवी गवंडी आधी नळीची दोन्ही टोके जवळजवळ धरून पाणी सारखे आहे ना, हे पाहून घेतो. उभ्या रेषेसाठी ओळंबा असतो. त्याची दोरी गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवते. दोन्ही रेषा काटकोनात आहेत का, हे ३, ४ आणि ५ या मापांनी तपासता येते. एका रेषेवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजा. टोकांमधील अंतर ५ फूट भरले तर कोन बरोबर ९० अंशांचा आहे.

सुरुवात कोठून करावी?

आता आपल्या भिंतीचे माप घेऊ. कोपऱ्यांतील फट सोडून लांबी २४०० मिलिमीटर आणि उंची ६०० मिलिमीटर आहे. टाइल २०० मिलिमीटरची आणि सांधा २ मिलिमीटरचा. म्हणजे एक टाइल आणि एक सांधा मिळून २०२ मिलिमीटर जागा घेतात.

डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली तर पहिल्या थरात ११ पूर्ण टाइल्स बसतील आणि शेवटी १७८ मिलिमीटरचा तुकडा लागेल. दुसरा थर ९९ मिलिमीटरच्या अर्ध्या तुकड्याने सुरू करावा लागेल. मग ११ पूर्ण टाइल्स आणि शेवटी ७७ मिलिमीटरचा तुकडा. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी दिसणार नाही.

म्हणून भिंतीच्या मध्यापासून सुरुवात करतात. पहिल्या थरात बरोबर मध्यावर सांधा ठेवू. एका बाजूची लांबी १२०० मिलिमीटर. अर्ध्या सांध्याचा १ मिलिमीटर वजा केल्यावर १,१९९ उरतात. पाच टाइल्स आणि पाच सांधे मिळून १०१० मिलिमीटर. शेवटी उरले १८९. म्हणजे या थरात १० पूर्ण टाइल्स आणि दोन्ही टोकांना १८९ मिलिमीटरचे तुकडे. दुसऱ्या थरात मध्यावर टाइलचा मध्य येईल. अर्धी टाइल आणि एक सांधा मिळून १०२ वजा केले की एका बाजूला १०९८ उरतात. त्यांतून १०१० गेले की शेवटी ८८ मिलिमीटरचा तुकडा. या थरात ११ पूर्ण टाइल्स. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

१८९ आणि ८८ यांतील फरक पाहा. तो १०१ आहे, म्हणजे २०२ च्या बरोबर निम्मा. हा योगायोग नाही. मध्यापासून विटांची रचना केली की दोन थरांतील टोकाच्या तुकड्यांत नेहमी एवढाच फरक राहतो. म्हणून एका थरातील तुकडा जवळजवळ पूर्ण टाइलएवढा आला तर दुसऱ्यातील साधारण अर्धा येतो आणि काम चांगले दिसते. पण एका थरातील तुकडा अर्ध्या टाइलच्या किंचितच वर गेला, तर दुसऱ्या थरात अगदी चिंचोळी पट्टी कापावी लागते. अशी पट्टी कापताना टाइल फुटते आणि पट्टी बसली तरी वाईट दिसते. कागदावर पाच मिनिटांचा हिशेब केला तर हे आधीच कळते. उंचीत पाच पूर्ण थर ५१० मिलिमीटर घेतात. सहाव्यासाठी ९० मिलिमीटर उरतात. म्हणजे सर्वांत वरच्या टाइल्स १० मिलिमीटरने कापाव्या लागतील.

टाइलची तहान

आता मजबुतीकडे वळू. टाइल्स साध्या सिमेंटने बसवायच्या असतील तर त्या आधी पाण्यात बुडवून ठेवतात. बुडबुडे येणे थांबले की टाइल भिजली, असे गवंडी सांगतात. हे बुडबुडे कशाचे?

टाइलचा दर्शनी भाग काचेसारखा गुळगुळीत असतो, पण पाठ मातीची आणि सच्छिद्र असते. तिच्यातील असंख्य सूक्ष्म छिद्रांत हवा असते. पाणी केशाकर्षणाने आत शिरते आणि हवा बाहेर पडते. भिंतीच्या अशा टाइल्स सामान्यतः आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात. आपल्या २८० ग्रॅमच्या टाइलने १२ टक्के पाणी शोषले तर ते सुमारे ३४ ग्रॅम होते.

टाइलच्या पाठीवर सिमेंटचा ३ मिलिमीटर जाडीचा लेप दिला असे समजू. त्याचे घनफळ ६० घन सेंटिमीटर. अशा लेपात साधारण ८० ग्रॅम सिमेंट आणि ३४ ग्रॅम पाणी असते. म्हणजे कोरड्या टाइलची तहान लेपातील सगळ्या पाण्याएवढी आहे! ती सारे पाणी पिऊन टाकत नाही, पण पुष्कळसे ओढून घेते.

यात वाईट काय? सिमेंट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, नवे स्फटिक तयार होतात आणि ते एकमेकांत गुंतून कठीण वस्तू बनते. या संयोगासाठी सिमेंटच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी लागते. ८० ग्रॅम सिमेंटला २० ग्रॅम. ते पाणी टाइलने पळवले तर सिमेंट अर्धे कच्चे राहते. दिसायला टाइल बसलेली असते, पण पाठीमागे नुसती भुकटी. काही महिन्यांनी शेगडीच्या वर ती सुटून पडली, तर तव्यावर, उकळत्या आमटीत किंवा माणसाच्या हातावर पडणार. म्हणून टाइल आधी भिजवायची आणि वरचे पाणी निथळल्यावर लावायची. पाठीवर पाण्याचा थर राहिला तर लेप पातळ होतो आणि तोही नीट धरत नाही. भिंतीचा गिलावाही असाच ओला करून घेतात. पाण्याची टंचाई असली तरी येथे काटकसर करू नये. एकाच बादलीतील पाण्यात पुष्कळ टाइल्स भिजतात आणि तेच पाणी भिंत ओली करायला चालते.

हल्ली टाइल्स चिकटवण्यासाठी तयार मिश्रण मिळते. त्यात पाणी धरून ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात, म्हणून टाइल भिजवण्याची गरज नसते. विट्रिफाइड टाइल तर अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. तिला भिजवून उपयोग नाही आणि छिद्रे नसल्याने साधे सिमेंट तिला नीट धरतही नाही. तिला असे खास मिश्रणच लागते. म्हणजे ‘टाइल भिजवावी’ हा नियम नुसता पाठ करून चालत नाही, त्यामागचे कारण कळले पाहिजे.

सांध्यातील हळद

टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून का बसवत नाहीत? उष्णतेने टाइलचे प्रसरण होते. अशा टाइल्सची २४०० मिलिमीटरची रांग ३० अंशांनी तापली तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. सांधे असले तर ही वाढ त्यांच्यात थोडी थोडी सामावते. मापातील लहानमोठा फरकही सांध्यात जिरतो.

पण सांधा हा ओट्यामागील भिंतीचा नाजूक भाग आहे. एक चौरस मीटरमध्ये आपल्या सुमारे ५० टाइल्स बसतात. प्रत्येक सांधा दोन टाइल्सचा सामाईक असतो, म्हणून एका टाइलच्या वाट्याला अर्धी परिमिती, म्हणजे ३० सेंटिमीटर सांधा येतो. एकूण सांधा १५ मीटर! ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या मोठ्या टाइल्स लावल्या तर तोच साधारण ५ मीटर भरतो. म्हणजे विटेसारखी छोटी टाइल निवडली की घासण्याचे काम तिप्पट झाले.

सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा या भागातल्या फोडणीत हळद कमी पडणार नाही. टाइलच्या काचेवरील हळद पुसली जाते. पण पांढऱ्या सिमेंटचा सांधा सच्छिद्र असतो, तो तिला शोषून घेतो. शिवाय सिमेंट अल्कधर्मी आहे. हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाशी येताच तांबूस होते. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, ते याच कारणाने. म्हणून नव्या सांध्यावर हळद पडली तर डाग पिवळ्याऐवजी तांबडा दिसू शकतो. सांधा पुरता पक्का होईपर्यंत काही दिवस तो ओलसर ठेवावा आणि फोडणीपासून जपावा. इपॉक्सीने भरलेले सांधे जवळजवळ काहीच शोषत नाहीत, म्हणून शेगडीमागे ते सोयीचे पडतात.

तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर असे. विटेची सांधेमोड भार वाटण्यासाठी आणि भिंत एकसंध ठेवण्यासाठी असते. टाइलची सांधेमोड शोभेसाठी आणि मापातील बारीक चुका झाकण्यासाठी असते. दोन्ही ठिकाणी खरी ताकद मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी आहे. दगडी भिंतीत ती आरपार दगडात, टाइलमध्ये पाठीवरच्या लेपात.

करून पाहा

१. टाइलचा एक कोरडा तुकडा प्रयोगशाळेतील तराजूवर तोला. तो एक दिवस पाण्यात ठेवा, वरचे पाणी पुसा आणि पुन्हा तोला. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. हीच त्या टाइलची शोषणाची टक्केवारी. कौलाचा आणि विटेचा तुकडा घेऊनही हा प्रयोग करा.

२. घरातील ओट्यामागच्या टाइल्सवर नाण्याने हळूच टकटक करा. लेप पूर्ण भरलेला असेल तर आवाज भरीव येतो. मागे पोकळी असेल तर टाइल ढोलाच्या कातड्यासारखी कंप पावते आणि आवाज पोकळ येतो. अशा टाइल्सवर पेन्सिलीने खूण करा आणि मोठ्या माणसांना दाखवा. त्यांत शेगडीवरची एखादी असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यायला सांगा.

३. एका भिंतीची लांबी २२३० मिलिमीटर आहे. टाइल आणि सांधा आपल्या उदाहरणातलेच. मध्यापासून सुरुवात केली तर दोन थरांत टोकाला किती मापाचे तुकडे लागतील? ते चांगले दिसतील का? नसल्यास काय कराल?

(उत्तर : एका थरात १०४ मिलिमीटरचे आणि दुसऱ्यात अवघ्या ३ मिलिमीटरचे तुकडे लागतील. ३ मिलिमीटरची पट्टी कापणे जवळजवळ अशक्य. म्हणून मध्यरेषा ५० मिलिमीटर, म्हणजे पाव टाइल, उजवीकडे सरकवावी. मग एका थरात डावीकडे १५४ आणि उजवीकडे ५४, तर दुसऱ्या थरात डावीकडे ५३ आणि उजवीकडे १५५ मिलिमीटरचे तुकडे येतात. दोन्ही थरांत पूर्ण टाइल्स १० आणि कोठेही चिंचोळी पट्टी नाही.)